बंद केंद्राचा डाव कसा वाचावा: कास्पारोवच्या एका किंग्ज इंडियन डावासोबत चार संध्याकाळी

रविवारी सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गच्चीवर दहा-बारा मुलं आणि दोन-तीन निवृत्त मंडळी पट मांडून बसतात. त्यांतल्या बहुतेकांनी मला कधी ना कधी एकच प्रश्न विचारलाय. ग्रँडमास्टरचा डाव मांडला, सगळ्या खेळ्या खेळून बघितल्या, पण हाती काय लागलं? उघड्या डावात निदान मारामारी दिसते. केंद्र बंद झालं, म्हणजे मधली प्यादी एकमेकांना अडवून उभी राहिली, की पंधरा-पंधरा खेळ्या सोंगट्या नुसत्या मागंपुढं होतात, आणि मग अचानक कुणीतरी हत्ती देतो आणि डाव संपतो. मधलं सगळं धुक्यात राहतं.

माझं म्हणणं असं की शिकायचं ते नेमकं त्या धुक्यात असतं. हत्ती दिला ती खेळी सगळ्यांना दिसते, टाळ्याही तिलाच पडतात. ती शक्य कशामुळे झाली, ते आधीच्या तीन-चार मुकाट खेळ्यांत लपलेलं असतं. त्या खेळ्यांवर थांबायला शिकणं म्हणजेच बंद डावाचं विश्लेषण. ते कसं करायचं, हे मी इथं एकाच डावावर दाखवतो. पट जवळ घेऊनच वाचा. मोबाइलच्या पडद्यावर नको. हातानं सोंगटी उचलून ठेवली की मनात वेगळी बसते.

डाव कोणता, आणि का

डाव आहे १९८९ सालचा, नेदरलँड्समधल्या टिलबर्गचा. पांढरी मोहरी येरोन पिकेटची, वय वीस. काळी गॅरी कास्पारोवची, तेव्हाचा जगज्जेता. त्या स्पर्धेत कास्पारोवनं १४ डावांत १२ गुण मिळवले आणि पुढच्या जानेवारीत त्याचं रेटिंग २८०० झालं. तोवर कुणीच तिथं पोचलं नव्हतं. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरचा २७८५ चा आकडा त्यानं मागं टाकला.

सुरुवात किंग्ज इंडियन बचाव. या नावातल्या ‘इंडियन’ शब्दाशी आपलं जुनं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी अशा पद्धतीनं खेळत. प्यादी आधी एकेक घरच पुढं, उंट बाजूला कोपऱ्यात, केंद्र समोरच्याला घेऊ द्यायचं. आपल्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरांची उडी नव्हती, म्हणून ही सवय पडली असं मानलं जातं. माझे आजोबा रामबागेतल्या ओट्यावर देशी पद्धतीनंच खेळायचे, आणि त्यांची पहिली मांडणी आठवली की मला आजही किंग्ज इंडियनच दिसतो.

नवख्यांसाठी मी हा डाव निवडतो त्याची कारणं साधी आहेत. २८ खेळ्यांत संपतो. केंद्र लवकर बंद होतं आणि बंदच राहतं. दोन्ही बाजूंचे बेत स्पष्ट असतात. आणि हरणारा वाईट खेळत नाही. हे शेवटचं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घोडचुकीचा डाव बघून फक्त घोडचूक टाळायला शिकता येतं.

खेळ्या अशा. घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घराचं नाव असेल तर प्यादं. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग.

१. डी४ घो-एफ६ २. घो-एफ३ जी६ ३. सी४ उं-जी७ ४. घो-सी३ ०-० ५. ई४ डी६ ६. उं-ई२ ई५ ७. ०-० घो-सी६ ८. डी५ घो-ई७ ९. घो-ई१ घो-डी७ १०. उं-ई३ एफ५ ११. एफ३ एफ४ १२. उं-एफ२ जी५ १३. बी४ घो-एफ६ १४. सी५ घो-जी६ १५. सी×डी६ सी×डी६ १६. ह-सी१ ह-एफ७ १७. ए४ उं-एफ८ १८. ए५ उं-डी७ १९. घो-बी५ जी४ २०. घो-सी७ जी३ २१. घो×ए८ घो-एच५ २२. रा-एच१ जी×एफ२ २३. ह×एफ२ घो-जी३+ २४. रा-जी१ व×ए८ २५. उं-सी४ ए६ २६. व-डी३ व-ए७ २७. बी५ ए×बी५ २८. उं×बी५ घो-एच१. इथं पिकेटनं डाव सोडला.

पहिल्या संध्याकाळी एवढंच करा: हा डाव सलग दोनदा खेळून बघा, कुठंही न थांबता. गाणं शिकताना आधी पूर्ण ऐकतो, तसं. पाच-सात मिनिटं लागतील. शेवटची स्थिती बघून चक्रावलात तर हरकत नाही. वहीत फक्त दोन खुणा करा: कुठल्या खेळीनंतर केंद्र बंद झालं, आणि कुठल्या खेळीला तुम्हाला पहिल्यांदा ‘हे काय!’ वाटलं. पहिलं उत्तर आठवी खेळी, डी५. दुसरं उत्तर ज्याचं त्याचं.

सोंगट्या उचला, प्यादी ठेवा

आता बाराव्या खेळीपर्यंत डाव मांडा, म्हणजे काळ्याच्या जी५ पर्यंत. मग राजा सोडून दोन्ही बाजूंच्या सगळ्या सोंगट्या उचलून बाजूला ठेवा. पटावर फक्त प्यादी आणि दोन राजे. हा प्रकार मुलांना आधी विचित्र वाटतो, पण बंद डावात याच्याइतकं उपयोगाचं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

काय दिसतं? सोळाही प्यादी जागेवर आहेत, एकही मारलं गेलेलं नाही. पांढऱ्याची एक तिरकी साखळी आहे: जी२, एफ३, ई४, डी५. काळ्याची तिला समांतर दुसरी: सी७, डी६, ई५, एफ४. दोन साखळ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि मधून आरपार जायला कुणालाच वाट नाही.

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्यासमोरून जायचा प्रयत्न केलाय कधी? चौक माणसांनी गच्च असतो. मधून जाणं अशक्य, मग ज्याला जायचंय तो मागच्या गल्ल्यांतून वळसा घालतो. हा पट त्या दिवसाच्या राजवाड्यासारखा आहे. मध्य बंद, म्हणून दोघांनाही कडेनंच जायचंय. एक डावीकडच्या गल्लीनं, दुसरा उजवीकडच्या.

कोण कुठल्या गल्लीनं? साखळी जिकडं रोखलेली असते तिकडं. पांढऱ्याची साखळी जी२ पासून डी५ कडं, म्हणजे वजिराच्या बाजूला चढते. तिथं त्याला जागा जास्त. काळ्याची सी७ पासून एफ४ कडं उतरते, राजाच्या बाजूला. घाव घालायचा तो समोरच्या साखळीच्या टोकावर नाही, मुळावर. काळ्याचं मूळ सी७-डी६, म्हणून पांढरा बी४ आणि सी५ करतो. पांढऱ्याचं मूळ एफ३-जी२, म्हणून काळा जी४ करतो. एवढं पाच मिनिटांत प्याद्यांवरून वाचता आलं की १३ ते २० या सगळ्या खेळ्यांचा हेतू तुम्ही न पाहता सांगू शकता. वहीत दोन वाक्यं लिहा: पांढऱ्याला काय हवंय, काळ्याला काय हवंय. प्रत्येकी एकच वाक्य. जास्त लिहू नका.

इथं एक इशारा, अनुभवाचा. कॉलेजात असताना मी एफ५, एफ४, जी५, जी४ हा क्रम पाठ केला होता. एका स्पर्धेत समोरच्यानं डी५ करून केंद्र बंद केलंच नाही. त्यानं डी×ई५ मारून डीची रांग उघडली. मी तरीही पाठ केलेलं खेळत गेलो. त्याचा हत्ती उघड्या रांगेतून सातव्या ओळीत घुसला, आणि माझी पुढं गेलेली प्यादी मागं येऊन राजाला वाचवू शकत नव्हती. प्यादं मागं येत नाही, हे तेव्हा मला खरोखर कळलं. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: केंद्र बंद आहे का, आणि पुढं कुणी ते उघडू शकतो का? उत्तर ‘बंद आहे’ असेल तरच बाजूची धाव.

दुसरी संध्याकाळ: खेळ्या मोजा

नवव्या खेळीपासून अठराव्यापर्यंत दोन रकाने करा. प्रत्येक खेळी कुठल्या बाजूच्या कामाची, ते लिहा.

काळ्याचा रकाना बघण्यासारखा आहे. नवव्या खेळीत एफ६ चा घोडा डी७ वर गेला, तेराव्यात परत एफ६ वर आला. दोन खेळ्या, आणि घोडा होता तिथंच. उघड्या डावात ही चैन परवडली नसती. पण मधल्या काळात काय झालं? घोडा बाजूला झाला म्हणून त्याच्यामागचं एफ प्यादं एफ५, एफ४ असं सुटलं, त्यामागून जी५ गेलं, आणि मग घोडा प्याद्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला. बंद केंद्रात वेळ सगळीकडं सारख्या भावानं जात नाही. समोरचा मधून घुसू शकत नाही, म्हणून दोन खेळ्यांची फेरी स्वस्त पडते.

पांढऱ्याच्या रकान्यात उलटं चित्र आहे. घो-ई१, उं-ई३, एफ३, उं-एफ२ या चार खेळ्यांत थोडी बचावाची तयारी, थोडी हल्ल्याची. एफ२ चा उंट ए७ कडं रोखलेला आहे, म्हणून तो हल्ल्यातही मोजता येईल. मग बी४, सी५, सी×डी६, ह-सी१, ए४, ए५: सहाच्या सहा वजिराच्या बाजूला. सी ची रांग उघडली, तिच्यावर हत्ती आला, ए५ नं काळ्याचं बी६ अडवलं. कागदावर बघाल तर पांढरा पुढं आहे. त्याचा घोडा दोन उड्यांत सी७ वर पोचतोय आणि ए८ चा हत्ती त्याच्या तावडीत आहे. काळ्याचं जी प्यादं अजून जी५ वरच आहे.

इथं थांबा आणि स्वतःला विचारा: मी काळ्याच्या जागी असतो तर घाबरलो असतो का? प्रामाणिक उत्तर लिहून ठेवा.

तिसरी संध्याकाळ: ज्या खेळ्यांत काही घडत नाही

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. सोळावी, सतरावी, अठरावी. काळ्यानं अनुक्रमे ह-एफ७, उं-एफ८, उं-डी७ केलं. पोस्टकार्डानं पुढच्या खेळ्या झाका. प्रत्येक खेळीआधी स्वतः तीन पर्याय लिहा, दहा मिनिटं घड्याळ लावून, आणि मगच खरी खेळी उघडा. तुमचा पर्याय जुळला की नाही याला फार महत्त्व नाही. फरक का पडला, ते लिहा.

ह-एफ७ मुळे एफ८ हे घर रिकामं झालं. उं-एफ८ मुळे जी७ वर अडकलेला, स्वतःच्याच ई५ प्याद्यानं वाट बंद केलेला उंट डी६ च्या राखणीला आला. आता बी५ वर आलेला घोडा डी६ मारू शकत नाही. शिवाय जी७ मोकळं झालं, तिथून पुढं हत्ती जी च्या रांगेत येऊ शकतो. एका हत्तीनं आणि एका उंटानं एकेक घर सरकून तीन कामं केली. ही रचना कास्पारोवची स्वतःची नाही. १९५३ साली अर्जेंटिनात मार देल प्लाता इथं नायदोर्फविरुद्ध ग्लिगोरिचनं हीच मांडणी करून डाव जिंकला होता, आणि या प्रकाराला आजही त्या गावाचंच नाव आहे.

मग येतं उं-डी७. गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी या खेळीवर अडली. एफ७ चा हत्ती सातव्या ओळीतून सी७ घर राखत होता, उंट डी७ वर आला आणि त्याची वाट बंद झाली. तिनं बोट ठेवून विचारलं, “काका, यानं दार स्वतःच उघडं टाकलं ना? आता घोडा सी७ वर येणार.”

“येणार. येऊ दे. तो ए८ वर गेल्यावर पुढं काय?”

ती बराच वेळ पटाकडं बघत राहिली. मग उंट उचलून परत सी८ वर ठेवला, पुन्हा डी७ वर ठेवला, आणि म्हणाली, “उंट तिथं असता तर वजिराला ए८ पर्यंत जाताच आलं नसतं.”

नेमकं हेच. उंट सी८ वर असताना डी८ चा वजीर आणि ए८ यांच्यामध्ये तो भिंत होता. डी७ वर गेल्यावर आठवी ओळ मोकळी झाली. पांढऱ्या घोड्यानं ए८ चा हत्ती मारला तर तो कोपऱ्यात अडकतो आणि वजीर सवडीनं त्याला उचलतो. त्याच वेळी उंट तिरक्या वाटेवरून एच३ कडं बघतो, जिथं काही खेळ्यांनी तो स्वतःचा बळी देऊ शकेल. किंग्ज इंडियनमध्ये आधी एच५ करून जी४ ला आधार द्यायची रीत आहे. कास्पारोवनं एच५ ची खेळी वाचवली आणि तीच उंटाला दिली. माझ्या दृष्टीनं हा डाव इथंच ठरला, पुढच्या आतषबाजीत नाही.

आता आतषबाजी

१९. घो-बी५ ला उत्तर जी४, २०. घो-सी७ ला उत्तर जी३. काळा धमकीकडं बघतच नाही. जी३ वरचं प्यादं एफ२ च्या उंटाला धरतं. पांढऱ्यानं ज्या उंटाला ए७ च्या वाटेवर नेऊन ठेवलं होतं तोच काळ्याच्या हल्ल्याला आकड्यासारखा सापडला. २१. घो×ए८ नंतर बहुतेक नवखे लगेच एफ२ चा उंट मारतात. कास्पारोव मारत नाही. घो-एच५!

का, ते पटावर रेषा ओढून बघा. डी८ च्या वजिरापासून एच४ पर्यंतची तिरकी वाट ई७, एफ६, जी५ वरून जाते. जी५ चं प्यादं पुढं गेलं, एफ६ चा घोडा आत्ता हलला, वाट साफ. वजीर एच४ वर आला तर जी३ च्या प्याद्याच्या आधारानं एच२ वर मात. समजा पांढऱ्यानं २२. उं×ए७ करून उंट वाचवला, तर व-एच४, २३. एच३ उं×एच३, २४. जी×एच३ व×एच३, आणि पांढऱ्याला हत्ती देऊन राजासाठी जागा करावी लागते. डी७ चा उंट एच३ कडं बघतोय असं वर म्हटलं, ते याच क्षणासाठी.

पिकेटनं २२. रा-एच१ केलं, म्हणजे उंटाला जी१ वर मागं येता यावं. मग जी×एफ२, ह×एफ२, आणि घो-जी३ शह. एच प्याद्यानं घोडा मारला तर एफ×जी३. आता हत्ती एफ१ ला पळाला तर व-एच४ शह, रा-जी१, व-एच२ मात: राजाला एफ१ वर स्वतःचा हत्ती आडवा, एफ२ वर जी३ च्या प्याद्याची नजर. ही ओळ पटावर खरोखर खेळून बघा. डोक्यात ‘कळलं’ वाटणं आणि हातानं खेळून बघणं यांत अंतर आहे.

राजा जी१ वर आला, आणि काळ्यानं सवडीनं व×ए८ केलं. हिशोब मांडा: पांढऱ्यानं घोडा आणि उंट गमावला, काळ्यानं एक हत्ती आणि एक प्यादं. जी३ वरचा घोडा मात्र पांढऱ्या राजाच्या दाराशीच बसून राहिला.

शेवटच्या चार खेळ्या छोट्या पण गोड आहेत. ए६ ची खेळी वजिरासाठी ए७ घर मोकळं करते. तिथून वजीर एफ२ च्या हत्तीवरून थेट जी१ च्या राजाकडं बघतो, म्हणजे हत्ती बांधला गेला. पांढरा बी५ करतो, पुढं बी६ करून ती वाट बंद करायचा विचार दिसतो, पण वेळ मिळत नाही. २८. घो-एच१! घोडा कोपऱ्यात जाऊन बांधलेल्या हत्तीला धरतो. राजानं घोडा मारला तर व×एफ२. हत्ती हलू शकत नाही. कोणत्याही मार्गानं पांढऱ्याचं एक मोहरं जातंच.

हरलेल्याच्या खुर्चीत बसा

हा टप्पा लोक टाळतात. पट फिरवा, पांढऱ्या बाजूनं बसा, आणि डाव पुन्हा खेळा.

मला या बाजूनं एक गोष्ट सारखी खुपते. ई१ चा घोडा. नवव्या खेळीत तो तिथं गेला आणि डाव सुटेपर्यंत हललाच नाही. नायदोर्फनं १९५३ च्या डावात तेराव्या खेळीत त्याला डी३ वर आणलं होतं. पिकेटनं ती खेळी बी४ ला दिली, हल्ला एका खेळीनं लवकर यावा म्हणून. हिशोब चुकीचा म्हणता येत नाही, कारण हल्ला खरोखर लवकर आला. पण ज्या घोड्यानं हत्ती मिळवला तो ए८ वर मेला, आणि दुसरा ई१ वर बसून राहिला.

मग विचारा, कुठं वळता आलं असतं? एकविसाव्या खेळीत ए८ चा हत्ती न मारता एच×जी३ करून बघितलं असतं तर? विसाव्यात सी७ ऐवजी एफ×जी४? प्रत्येक फाट्यावर किमान तीन खेळ्या स्वतः पुढं जा आणि जे सापडेल ते वहीत लिहा, चुकलं तरी.

इंजिन शेवटी

चौथ्या संध्याकाळी, आणि त्याआधी अजिबात नाही, इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम, लावा. स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट मिळतं, लीचेस या संकेतस्थळावर डाव टाकून तुमच्या टिपणांसकट जपून ठेवता येतो. आधीच सांगून ठेवतो: किंग्ज इंडियनच्या या स्थितींत इंजिन बहुतेकदा पांढऱ्याला पुढं दाखवतं. आठव्या-नवव्या खेळीला तो आकडा बघून ‘काळा वाईट खेळला’ असं लिहू नका. इंजिनला भीती वाटत नाही आणि त्याचा बचाव दमत नाही. माणसाला राजासमोर जी३ आल्यावर शांत डोक्यानं दहा अचूक खेळ्या शोधाव्या लागतात, आणि पिकेटसारख्या ग्रँडमास्टरलाही ते जमलं नाही.

इंजिनचा उपयोग एकाच पद्धतीनं करा. तुम्ही वहीत लिहिलेली तुमची खेळी त्याला द्या आणि उत्तर काय येतं ते बघा. उत्तर समजलं नाही तर तिथं आणखी तुमच्या खेळ्या खेळा, समजेपर्यंत. नुसता आकडा वर-खाली होताना बघून काहीही शिकता येत नाही. आमच्या गच्चीवर मी मुलांना आकड्याची पट्टी बंद करूनच इंजिन वापरायला सांगतो.

शेवटी वहीत या डावाचं एक पान करा. वर प्याद्यांचा नकाशा, हातानं काढलेला, बारा खेळ्यांनंतरचा. त्याखाली दोघांचे बेत एकेका वाक्यात. मग १६, १७, १८ या खेळ्यांपुढं कारणं. त्याखाली तुमचा स्वतःचा न सुटलेला एक प्रश्न. पुढच्या महिन्यात किंग्ज इंडियनचा दुसरा डाव घ्याल तेव्हा आधी हे पान उघडायचं.

आमच्याकडं सध्या पट विसाव्या खेळीवर मांडलेला आहे. जी४ झालंय आणि पांढऱ्यानं एफ×जी४ करून बघायचंय. एफ३ चं प्यादं बाजूला गेलं की ई४ चा आधार सुटतो, म्हणून काळ्याची घो×ई४ ही खेळी पहिल्यांदा तपासायची, आणि तिथून घोडा पुन्हा एफ२ च्या उंटावर. त्याच्यापुढं पांढऱ्याला बी५ च्या घोड्याचं काय करता येतं, त्यावर दोन रविवारांपासून गच्चीवर वाद चाललाय. तुमचा पटही तिथंच मांडून ठेवा.